आधी रस्ता, मग आगगाडी

शाळेच्या स्मरणिकेत छोट्या आगगाडीविषयी, त्यातही तिच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्याविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, ऋणनिर्देश असावा, निकालाची टक्केवारी असावी. तेथे डांबराचा रंग काळा की करडा ही चर्चा कशाला, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. तथापि चित्रकला आणि हस्तकला हे विषय वर्षानुवर्षे शिकविल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे, आणि माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव एकत्र वाचतात अशी याहून योग्य जागा ते मांडण्यासाठी मला दिसत नाही. आपल्या निवासी शाळेत मुलांच्या हातून रेल्वेची एक लहान प्रतिकृती उभी राहावी आणि तिचा आरंभ रस्त्यापासून व्हावा, असे ते मत होय.

हा प्रकार काय आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. युरोप-अमेरिकेत रेल्वेच्या प्रतिकृती हा मोठ्या माणसांचा गंभीर छंद आहे. जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवरची खेळण्यातली रेल्वे मांडली, आणि तेव्हापासून एका माणसाने घेतलेला डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागला. आज जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. इंग्लंडात १:७६ वापरतात. एका मोठ्या टेबलावर रूळ, डोंगर, बोगदे, स्थानके, घरे आणि रस्ते उभारून त्यातून विजेवर गाडी फिरवायची. या सगळ्या मांडणीला ‘लेआउट’ म्हणतात. हॅम्बर्ग शहरात २००१ साली उघडलेले मिनियाटूर वुंडरलँड हे अशा मांडणीचे जगप्रसिद्ध स्थान आहे. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, आणि ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य पाहावे.

अशा ठिकाणी प्रेक्षकांची दृष्टी इंजिनावर खिळते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु इंजिन कारखान्यातून येते. ते कोणीही विकत घेतले तरी तेच असते. रस्त्याचे तसे नाही. बाजारात छापील कागदी रस्ते मिळतात, गुंडाळी उलगडून चिकटवायची आणि वर गाड्या ठेवायच्या. पण असा रस्ता डोळ्याला लगेच खोटा वाटतो. खरा भासणारा रस्ता ज्याने त्याने स्वतः पाहून, मोजून, मळवून करावा लागतो. म्हणून एखाद्या मांडणीत तिच्या कर्त्याने जगाकडे किती लक्षपूर्वक पाहिले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर मी तिचा रस्ता पाहतो.

आपल्या शाळांत प्रतिकृती होतच नाहीत असे नाही. दरवर्षी विज्ञान प्रदर्शने भरतात. त्यांत थर्माकोलचा ज्वालामुखी असतो, वारा नसताना फिरणारी पवनचक्की असते, आणि हल्ली तर स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून त्यावर मुलाचे नाव लिहिण्याची प्रथा पडली आहे. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही; गुण मिळतात म्हणून ते आणतात. अशा प्रदर्शनांत ‘आदर्श गाव’ नावाची एक प्रतिकृती हमखास असते. हिरव्या भुशाचे शेत, निळ्या कागदाची नदी, लाल कौलांची घरे, आणि या सर्वांमधून जाणारा गुळगुळीत काळा रस्ता. तो वेशीपाशी सुरू होतो आणि मध्यावरच्या चौकात संपतो. वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत तो कधी जात नाही, कारण ती वस्ती त्या फळीवर नसतेच. मुलांच्या मनात काही वाईट नसते. त्यांनी गाव पाहून केलेले नसते, मागच्या वर्षीचे गाव पाहून केलेले असते. वस्तीपर्यंत रस्ता यायला किती वर्षे लागली आणि त्यासाठी कोणी किती अर्ज केले, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना मी सांगायला नको.

पाहून करणे म्हणजे नेमके काय? रंगापासूनच सुरुवात करू. कोणत्याही मुलाला रस्त्याचा रंग विचारा, तो काळा म्हणेल. आता त्याला रस्त्यावर नेऊन त्याच्या हातात काळ्या रंगाचा कागद द्या आणि तो कागद रस्त्यावर ठेवायला सांगा. डांबर नवीन असते तेव्हा ते काळे असते हे खरे. परंतु रहदारीने वरचा डांबराचा पापुद्रा झिजतो, उन्हाने तो फिका पडतो, आतली खडी उघडी होते, त्यावर धूळ बसते, आणि वर्षा-दोन वर्षांत रस्ता करडा होतो. तोही एकसारखा करडा नाही. गाड्यांची चाके जेथून जातात तेथे दोन पट्टे वेगळे दिसतात, त्यांच्या मधोमध इंजिनातून ठिबकलेल्या तेलाचा काळपट पट्टा असतो, आणि जेथे वाहने थांबतात तेथे तो अधिक गडद होतो. कडेला मातीचा तांबूस वा पिवळसर रंग डांबरावर चढलेला असतो. खोदून पुन्हा भरलेली चौकोनी ठिगळे शेजारच्या रस्त्याहून काळी असतात. म्हणून रंग मिसळताना काळ्यात पांढरा घालावा, त्यात तपकिरीचा एक थेंब घालावा, आणि तो डोळ्याला पटेल त्याहूनही थोडा फिकाच ठेवावा. लहान वस्तू आपण दुरून पाहावे तशी पाहतो, आणि दुरून सारेच रंग फिके दिसतात.

पोताची गोष्ट याहून मनोरंजक आहे. रस्ता खडबडीत असतो म्हणून मुले फळीवर डिंक लावून वाळू पसरतात. येथे गणिताचा तास घ्यावा. १:७६ या प्रमाणात एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे साडेसात सेंटिमीटरचा दगड. असा रस्ता म्हणजे मुठीएवढ्या धोंड्यांची पसरण झाली. खऱ्या डांबरातली एक सेंटिमीटरची खडी या प्रमाणात एक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी होते. याचा अर्थ रस्त्याचा खडबडीतपणा बोटाला जेमतेम जाणवला पाहिजे आणि डोळ्याला जवळजवळ दिसता कामा नये. बारीक सँडपेपर उलटसुलट वापरून पाहावा, किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर देऊन तो वाळल्यावर घासावा. आपल्याकडे रंगारी भिंतीला लांबी भरतात, ती किंवा तयार वॉल पुट्टी याही कामाला उत्तम. प्लास्टरपेक्षा ती सावकाश वाळते, त्यामुळे नवख्या हातांना सवड मिळते.

मापे काढायला मुलांना रस्त्यावरच न्यावे. दुपदरी डांबरी रस्ता सात मीटर रुंद धरला, तर प्रतिकृतीत तो ९२ मिलिमीटर होतो. पावणेचार मीटरचा एकपदरी रस्ता ४९ मिलिमीटर. पदपथाची कड १५ सेंटिमीटर उंच असली तर येथे ती २ मिलिमीटर. रस्त्यावरचा १० सेंटिमीटरचा पांढरा पट्टा येथे सव्वा-दीड मिलिमीटर; तो ब्रशने काढू नये, दोन बाजूंना चिकटपट्टी लावून मधे कोरड्या स्पंजने रंग थोपटावा, म्हणजे तो खऱ्यासारखा मधूनमधून उडालेला दिसतो. आणि रस्ता कधीही सपाट नसतो. पाणी वाहून जावे म्हणून तो मध्यावर किंचित उंच असतो. डांबरी रस्त्याला हा उतार शेकडा दोनच्या आसपास ठेवतात. दुपदरी रस्त्याच्या प्रतिकृतीत तो फुगवटा एक मिलिमीटरलाही कमी भरतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची एक पट्टी मधोमध चिकटवून तिच्यावरून पुट्टी ओढली की काम होते. एवढ्याशा उंचीने काय फरक पडतो असे वाटेल. संध्याकाळी दिवा कडेने लावून पाहावे. सपाट रस्ता मेलेला दिसतो, आणि हा रस्ता दिसतो.

भेगा काढताना संयम हवा. नवशिक्याला भेगा काढण्याचा मोह आवरत नाही आणि रस्ता भूकंपातून वाचल्यासारखा दिसू लागतो. टोकदार पेन्सिलीने काढलेल्या दोन-चार रेषा, तीही रस्त्याच्या कडेला व ठिगळांच्या भोवती, एवढ्याने भागते.

रस्ता आणि रूळ जेथे एकमेकांना छेदतात ते फाटक म्हणजे या कामातली सर्वांत अवघड जागा. येथे रुळांच्या मधला भाग रस्त्याच्या उंचीपर्यंत भरावा लागतो. पण चाकाची आतली कड फिरायला रुळाच्या आतल्या अंगाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास खाच मोकळी राहिली पाहिजे. शिवाय हा भराव रुळाच्या माथ्याहून केसभर खाली हवा. तो वर आला तर इंजिन त्यावर अडते, वा चाके उचलली जाऊन वीजप्रवाह तुटतो. कारण छोट्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, आणि प्लास्टरचा एक वाळका डागही तिला थांबवू शकतो. ओले प्लास्टर रुळावरून तत्काळ पुसावे, जुने वहीचे कार्ड रुळालगत धरून खाच कोरावी, आणि मगच वाळू द्यावे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात विद्युतमंडल शिकणारी मुले येथे त्याच्याशी प्रत्यक्ष झटापट करतात. गाडी थांबली की कारण शोधावेच लागते. पाठांतराने ती चालत नाही.

आता प्रतिकृती कशाची करावी? स्विस आल्प्स किंवा इंग्लंडातले खेडे करण्याचे आपल्याला कारण नाही, तरी इंग्लंडातल्या एका उदाहरणाचा उल्लेख केला पाहिजे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून तेथे आला. आजच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या जुन्या खेड्यांची गवताने शाकारलेली छपरे उतरवून त्यांच्या जागी नवे पत्रे-कौले येताना त्याने पाहिली. जे जात आहे ते नोंदवून ठेवावे या एकाच ध्यासाने त्याने ती घरे मोजली आणि १:७६ प्रमाणात उभी केली. त्यातून पेंडन संग्रहालय घडले; १९५४ पासून ते लाँग विटनहॅम या गावी आहे आणि तिथल्या मांडणीतला काळ साधारण १९३० वर थांबविलेला आहे. अशी मांडणी करायची तर त्या वर्षी त्या गल्लीत डांबर पडले होते की नव्हते, इथपर्यंत जावे लागते. हा खेळ राहत नाही, इतिहासाचे काम होते.

आपल्या जवळचे तसे ठिकाण म्हणजे नेरळ-माथेरान. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. लांबी सुमारे २१ किलोमीटर; चढ काही ठिकाणी २० मीटरला १ मीटर. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान ही तिची स्थानके. १:७६ प्रमाणात तिचे रूळ ८ मिलिमीटर अंतरावर येतात. बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात आणि ब्रिटिश छांदिष्ट दोन फुटी रेल्वेसाठी तेच वापरतात. एवढी तडजोड चालेल.

पण मी माथेरान सुचवितो ते तिथल्या रस्त्यासाठी. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे डोंगरमाथ्यावर जांभ्याची लाल माती, घोडे, हमाल आणि पायी चालणारी माणसे. डांबर आणि पांढरे पट्टे येथे विसरावे लागतात आणि खरी माती हाती घ्यावी लागते. माती आणावी, तव्यावर कोरडी भाजावी म्हणजे तिच्यातले किडे व बुरशी मरते, मग वस्त्रगाळ करावी. यानंतर एक गोष्ट विसरू नये. लोहचुंबक कागदात गुंडाळून मातीवरून फिरवावा. जांभ्याच्या मातीत लोह असते, आणि त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात. तेच कण पुढे इंजिनाच्या मोटारीत शिरून बसतात. चुंबकाने ते वेचून काढलेले बरे. कागदाला चिकटलेली ती काळी मिशी पाहून मुलांना जो आनंद होतो, तो शब्दांत सांगता येत नाही. मग फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून पृष्ठभागावर ओढावा आणि चाळणीने माती भुरभुरावी. डिंक लागलेली माती वाळल्यावरही कोरड्या मातीपेक्षा गडद राहते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर नमुना करून पाहावा. शेवटी कोरड्या मातीचाच एक हात बोटाने फिरवावा. घोड्यांच्या वाटेवर ती जास्त दळलेली, मधोमध थोडी खोलगट, पावसाच्या ओघळांनी चिरलेली दाखवावी.

माथेरानच्या रस्त्याविषयी अलीकडे मोठा वाद झाला, तो वाचकांनी वृत्तपत्रांत वाचला असेल. लाल मातीची धूप थांबावी म्हणून तेथे पेव्हर ब्लॉक बसविण्यात आले. काहींच्या मते त्यांनी गावाचे रूप बिघडले, घोडे घसरू लागले. काहींच्या मते त्यांच्यावाचून चालणे अशक्य होते. आणि या रस्त्यावर हातरिक्षा चालत असे. पुढे एक माणूस ओढणारा, मागे ढकलणारे, आत पर्यटक. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर नाही. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होत असताना हा प्रश्न न्यायालयापर्यंत जावा लागला, यावर प्रत्येकाने आपापला विचार करावा.

मांडणी करणाऱ्यापुढे येथे खरा पेच येतो. या रस्त्यावर हातरिक्षा दाखवायची की नाही? माझ्या परिचयातील काही रसिकांचे म्हणणे असे की छोटी रेल्वे ही आनंदाची वस्तू आहे. धुक्यातले डोंगर, लाल वाट, पांढरे घोडे दाखवावेत, दुःख कशाला? दुसरे काही म्हणतात, ही लाज आहे. आपल्याच माणसांची अशी अवस्था मुलांच्या हातून का घडवावी? दोन्ही मतांत सद्‍भाव आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. १:७६ प्रमाणात सव्वापाच-साडेपाच फुटांचा माणूस २२ मिलिमीटरचा होतो. तेवढी आकृती तारेवर पुट्टी चढवून करायची, तर मुलाला ठरवावे लागते की चढावर रिक्षा ओढणाऱ्याचे अंग किती पुढे झुकते, गुडघा किती वाकतो, मागच्याचे हात कोठे टेकतात. ती आकृती नीट उभी राहायची तर रस्त्याचा चढही खरा लागतो. सपाट फळीवर रिक्षा ओढणारा माणूस हसत फिरायला निघाल्यासारखा दिसतो. रस्त्याची मोजमापे चुकली की माणसाचे श्रम खोटे ठरतात, ही गोष्ट मला या सर्व खटाटोपात सर्वांत महत्त्वाची वाटते. लाजेचा मुद्दा तर उलटा आहे. लाज ओढणाऱ्याची नव्हती.

ब्लॉकचेही तसेच. २० बाय १० सेंटिमीटरचा ब्लॉक येथे २.६ बाय १.३ मिलिमीटर होतो. पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता धरला, तर प्रतिकृतीतल्या एक मीटर लांबीवर असे चौदा हजारांवर ब्लॉक येतात. ते एकेक करून चिकटविणे अशक्य. म्हणून हाताएवढ्या तुकड्यावर सुईने रेघा कोरून त्याचा साचा घ्यावा आणि प्लास्टरच्या लाद्या ओताव्यात. सांध्यांत पातळ तपकिरी रंग सोडून वरचा लगेच पुसला की प्रत्येक ब्लॉक सुटा दिसतो. मात्र साचा करण्यापूर्वी मुलांना तो चौदा हजारांचा आकडा फळ्यावर लिहायला लावावा. प्रत्यक्षात तो केवळ ७६ मीटर रस्ता आहे, आणि तिथले चौदा हजार ब्लॉक कोणीतरी उकिडवे बसून, एकेक उचलून, हातोडीने ठोकून बसविले आहेत.

रस्ता करणारी माणसे जगभरच्या मांडण्यांत क्वचित दिसतात. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोडलेल्या खडीचे थर देऊन रस्ते बांधण्याची पद्धत रूढ केली. त्याच्या नावावरून आजही अभियंते ‘मॅकॅडम’ हा शब्द वापरतात. त्या खडीचे दगड रस्त्याकडेला बसून लहान हातोडीने फोडणारे बायका-म्हातारे कोण होते, त्यांची नावे कोठे नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि रस्त्याच्या कामावर गेलेल्या आजी-आजोबांची नातवंडे आपल्या वसतिगृहात आज शिकत आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी विचारावे की खडीचा ढीग कसा रचीत, त्याचे माप कसे घेत, मजुरीत काय मिळे. मग मांडणीच्या एका कोपऱ्यात अपुरा रस्ता दाखवावा: एका बाजूला मुरूम दाबलेला, मध्ये खडी पसरलेली, कडेला मापाचे ढीग, घमेले डोक्यावर घेतलेली बाई, डांबराचे पिंप, धूर. चार-पाच सेंटिमीटरची खडी येथे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी होते. वाळू चाळून तेवढे कण सहज निघतात. वर जी वाळू रस्त्यासाठी निरुपयोगी ठरली, ती येथे अगदी नेमकी बसते.

हॅम्बर्गच्या मांडणीत रस्त्यावर छोट्या मोटारीही धावतात. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक पोलादी तार पुरलेली असते आणि मोटारीच्या पुढच्या आसाला लावलेला चुंबक तिच्यामागे जातो. फालर कंपनीने १९८९ साली ही पद्धत आणली. कौतुकास्पद आहे, पण त्या मोटारींना रस्ता गुळगुळीत लागतो, खड्डा चालत नाही. आपल्याला त्या वाटेला जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा रस्ता खड्ड्यांवाचून दाखवणे हाही एक खोटेपणाच होईल, आणि माझे विद्यार्थी त्यावर मला सोडणार नाहीत.

खर्चाचा आक्षेप येईल. आठ फूट बाय चार फुटांची एक प्लायवूडची फळी, पुट्टी, रंग, डिंक आणि माती यांना फार पैसा लागत नाही. लागतो तो रूळ, डबे आणि इंजिनाला, कारण ते बहुधा परदेशातून येतात. म्हणूनही रस्ता आधी करावा. पहिले वर्षभर गाडी नसली तरी बिघडत नाही. पुढे एखाद्या माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट देताना तसबीर वा घड्याळ आणण्याऐवजी इंजिन आणावे. ती सूचना मी येथे जाहीरपणे करून ठेवतो. दहावीच्या वर्गाला यातून वगळावे, पालकांची काळजी रास्त आहे. आठवीचे वर्ष सर्वांत योग्य. गुण मात्र देऊ नयेत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी बाजारात तयार माथेरान मिळू लागेल.

कामाची सुरुवात जूनमध्ये करू नये. पावसाळ्यात प्लास्टर आणि पुट्टी वाळत नाहीत, फळी फुगते, आणि लाल मातीचा डिंक ओला राहून बुरशी धरतो. पावसाळ्याचे महिने मोजमापांना द्यावेत: शाळेच्या फाटकापासून एस. टी. च्या थांब्यापर्यंतचा रस्ता टेपने मोजावा, दर दहा पावलांवर रंगाचा नमुना कागदावर उतरवावा, पाणी कोणत्या बाजूला वाहते आणि कोठे तुंबते ते पावसातच पाहून नकाशावर लिहावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर हवा कोरडी झाली की फळी वर्गात आणावी आणि पहिली पट्टी चिकटवावी.